बाटल्या जागच्या जागी

लिफ्टचं दार उघडलं आणि आत त्याचे बाबा उभे होते. कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा की जणू ते या लिफ्टमध्ये भाड्याने राहतात. बहुधा ते तळघरापर्यंत जाऊन परत आले असावेत. लिफ्टमध्ये शिरल्यावर बटण आपणच दाबायचं असतं, ही गोष्ट त्यांना कधीच पटली नव्हती. त्यांनी त्याला पाहिलं, त्यांचे डोळे मोठे झाले आणि तोंडाने ‘प्रो’ एवढा आकार घेतलासुद्धा. घरी ते त्याला प्रोफेसर म्हणत. पाच वर्षांचा असताना त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं आणि परत लावलं नव्हतं, तेव्हापासून. आणि हा प्रोफेसर, ज्याची नोकरी अजून कायमसुद्धा झाली नव्हती, मान वर करून दारावरच्या मजल्याच्या लाल आकड्याकडे बघू लागला. तिथे शून्य होतं. त्याने त्या शून्याचा फार लक्षपूर्वक अभ्यास केला. बाबांचं तोंड मिटल्याचं त्याला न बघताच कळलं.

त्याच्या आधी तिघे आत शिरले होते. प्राचार्य, केमिस्ट्रीच्या मॅडम आणि बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. तज्ज्ञ सगळ्याच गोष्टींकडे गुण देत असल्यासारखे बघायचे. लिफ्टच्या दाराला त्यांनी साधारण पास केलं असावं. हे तिघे आज सहाव्या मजल्यावर अकरावीच्या वर्गात मागे बसून त्याचा तास बघणार होते आणि त्याला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. विषय होता बल आणि गतीचे नियम, नुसती ओळख. ओळख हा शब्द त्याने स्वतःच प्राचार्यांना लिहून दिला होता.

पिशवी तोच घरी विसरला होता, चपलांच्या स्टँडवर. बसमधून त्याने फोन केला होता. “बाबा, तेवढी गेटवर वॉचमनकडे ठेवा. वर येऊ नका हं. तुमच्या छातीला उगाच दगदग.” छातीचं कारण इतकं सोयीचं होतं की फोन ठेवल्यावर त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं. खोटं नव्हतंच ते. मागच्या वर्षी बाबांच्या छातीत एक बारीकशी जाळीची नळी बसवली होती आणि डॉक्टरांनी जिना आणि जड वस्तू या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यातून कमी केल्या होत्या. पण बाबांच्या छातीखेरीज बाबांना एक तोंडही होतं, आणि काळजी त्याची होती. बाबांनी अख्खी नोकरी औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून काढली होती. त्यामुळे समोर आलेला प्रत्येक माणूस त्यांना कोणत्या तरी तक्रारीसकटच दिसायचा. लग्नाच्या जेवणात ते शेजारच्या अनोळखी गृहस्थाला विचारायचे, “पोट साफ होतं का?” आणि गृहस्थ घास तोंडात तसाच ठेवून विचारात पडायचे.

तो शेवटी आत शिरला. लिफ्टच्या पत्र्यावर लिहिलं होतं, चार माणसं. दार मिटायला लागलं, पुन्हा उघडलं, आणि लिफ्ट वाजायला लागली. कर्कश, न थांबता, कुणी चोरी करताना सापडल्यावर वाजावं तशी. अशा वेळची रीत सगळ्यांना ठाऊक असते. शेवटी शिरलेल्याने बाहेर पडायचं. शास्त्राच्या दृष्टीने ही रीत अन्यायाची आहे, कारण लिफ्टच्या तळाला कोण आधी आलं आणि कोण नंतर, याच्याशी देणंघेणं नसतं. सगळ्यांची वजनं मिळून एकच बल होतं आणि ते खाली जातं. आणि या बेरजेत सर्वात मोठा वाटा प्राचार्यांचा होता. हे त्याला स्पष्ट दिसत होतं, म्हणजे कुणालाही दिसलं असतं. तरी सगळे त्याच्याकडे बघत होते.

“अहो, यांना कुठे उतरवता? यांचाच तर तास आहे,” मॅडम म्हणाल्या.

मग सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा प्राचार्यांकडे बघत होते.

“साहेब, डोळ्यांखाली सूज आहे तुमच्या,” बाबा म्हणाले. “सकाळी जास्त असते ना? रात्री पायांत गोळे येतात का?”

प्राचार्यांचा हात डोळ्यापर्यंत जाऊन परत आला. लिफ्ट वाजत होती.

“मी उतरतो की,” बाबा म्हणाले. “मला काय घाई आहे. जिना असेलच.” आणि ते प्राचार्यांच्या पोटाला पिशवी लागू नये म्हणून ती डोक्याच्या वर धरून, कडेकडेने, पाण्यातून चालावं तसे बाहेर पडले. त्याच्या शेजारून जाताना त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. ते म्हणाले, “सॉरी हं.”

पिशवीत बाटल्या वाजल्या. त्या बाटल्या त्याच्या होत्या. त्याच्या तासाच्या. हात पुढे करून ती पिशवी घेतली असती तर काम झालं असतं. पण हात पुढे करायचा म्हणजे काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि जे म्हणावं लागलं असतं ते एकाच शब्दाचं होतं. लिफ्ट गप्प झाली. दार मिटलं.

“कोण हो ते?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्याकडे बघत होते.”

“काय माहीत.”

“पिशवीत बाटल्या वाजत होत्या. फिनेलवाला असेल.”

“फिनेलवाला आणि डोळे तपासतो,” तज्ज्ञ म्हणाले, आणि सगळे हसले. तोही हसला. खरं तर तो सगळ्यांत आधी हसला आणि सगळ्यांत शेवटी थांबला, म्हणजे एकूण हसणं त्याचंच जास्त भरलं असतं.

लिफ्ट वर चालली होती आणि त्याला फरशी पायाखाली जरा जास्त दाबाने जाणवत होती. हे पुस्तकात आहे. लिफ्ट वर सुटताना वजनकाटा जास्त दाखवतो. पण हे सुटतानाच. नंतर वेग स्थिर झाला की सगळं नेहमीसारखं व्हायला हवं. तिसरा मजला गेला तरी ते नेहमीसारखं होईना. तो आकड्यांकडे बघत होता. ही वर बघायची सवय त्याला शाळेपासूनची. शाळा सुटली की तो दुकानात काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायचा. एकदा त्याच्या वर्गशिक्षिका दुकानात आल्या. त्यांच्यामागे त्याच्या वर्गातली दोन मुलं गोळ्या घ्यायला उभी होती, आणि बाबांनी गल्लीला ऐकू जाईल अशा मायेने विचारलं, “काय बाई, थांबले का जुलाब?” बाईंचे थांबले असतील नसतील, पण पुढची दोन वर्षं शाळेत त्याला जुलाब म्हणत होते. बाईंना नाही, त्याला. त्या दिवशी तो स्टुलावरून छताच्या पंख्याकडे बघत राहिला होता. पंखा फिरत होता. बाबा त्याला हाक मारत होते, प्रोफेसर, बाईंना नमस्कार कर. आणि तो पंख्याकडे असा बघत होता की जणू हा पोरगा दुकानात सुट्टे पैसे विसरून राहिलेला कुणी गिऱ्हाईकच आहे. त्याला तेव्हा वाटलं होतं की ही युक्ती बाबांच्या लक्षात आलेली नाही.

सहाव्या मजल्यावर दार उघडलं तसा शिपाई उठला आणि त्याने स्वतःचं स्टूल उचलून लिफ्टच्या दारात आडवं घातलं. ही या कॉलेजची पद्धत होती. प्राचार्य वर असले की लिफ्टही वर. त्यांना खाली जायचं झालं तर ती हाताशी असावी म्हणून. खालचे लोक बटण दाबून दाबून कंटाळायचे आणि मुकाट्याने जिना चढायचे, आणि जो जिन्याने येताना दिसे त्याला विचारावं लागत नसे की साहेब आज वर आहेत का. तो स्टुलाकडे बघत क्षणभर उभा राहिला. एवढंच म्हणायचं होतं, अहो, लिफ्ट खाली पाठवा, एक माणूस येतोय. माणूस म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाबा म्हणायची सक्ती नव्हती. पण मॅडम शेजारी होत्या, आणि कोणता माणूस असं कुणी विचारलं असतं, तर मग त्या माणसाला फिनेलपासून सुरू करून मागे मागे आणावं लागलं असतं. बाबा खाली थांबतील, त्याने स्वतःला सांगितलं. जिना चढणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय. हे त्याने अशा माणसाबद्दल सांगितलं, ज्याने आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून ‘कशाला एवढ्या स्ट्राँग’ म्हणून गिऱ्हाइकांना अर्ध्या गोळ्या घ्यायला लावल्या होत्या.

वर्गात पोरं उठून उभी राहिली, बसली. तिघे मागच्या बाकांवर जाऊन बसले. प्राचार्यांना बाक पुरला नाही, म्हणून ते जरासे तिरके बसले. त्याने फळा पुसला. आधीच पुसलेला होता.

“बल म्हणजे काय?”

“ढकलणं किंवा ओढणं,” पोरं एका सुरात म्हणाली.

“एखादी वस्तू आपणहून हलते?”

“नाही सर.”

“आपणहून थांबते?”

“थांबते की,” मागून एक चष्मेवाला म्हणाला. “चेंडू थांबतो.”

“चेंडू थांबत नाही. जमीन त्याला थांबवते. घर्षण. जमीन नसती, हवा नसती, तर तो जातच राहिला असता. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चालणारी सरळ चालतच राहते, जोवर बाहेरून कुणी तिला काही करत नाही.” हे वाक्य तो आरशासमोर इतक्या वेळा म्हणाला होता की ते आता आपोआप येत होतं, आणि मागे मन रिकामं राहत होतं, आणि त्या रिकाम्या जागेत जिना होता. “समजा,” तो म्हणाला. तयारी केली होती ती ठोकळ्याची. ठोकळा टेबलावर ठेवलाय, असं त्याला म्हणायचं होतं. “समजा, एक माणूस जिना चढतोय.”

“कितव्या मजल्यावर आहे सर?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. ही मुलगी सगळं विचारायची.

“दुसऱ्या असेल आता.”

पोरं हसली. त्याने फळ्यावर एक ठिपका काढला. भौतिकशास्त्रात माणसाचा आधी ठिपका करतात. मग त्याला चेहरा राहत नाही आणि काम सोपं होतं. त्या ठिपक्यातून त्याने खाली एक बाण काढला, पृथ्वी ओढते तो. वर एक बाण काढला, पायरी ढकलते तो. ठिपका तसा बरा दिसत होता. मग कुठूनसा त्याच्या खडूने ठिपक्याला एक बारीकशी पिशवी काढली.

“हे काय सर?”

“पिशवी आहे त्याच्या हातात. तिचंही वजन आलं.”

“सर, खालचा आणि वरचा बाण सारखाच काढलाय,” चष्मेवाला म्हणाला. “मग तो चढतोय कसा?”

“चढत नाहीये. मध्येच उभा राहिलाय.” त्याने फळ्याकडे पाहिलं. “दम लागलाय त्याला. आणि बघा, उभा आहे म्हणजे त्याच्यावर काही बल नाही, असं नाही. दोन्हीकडून आहे. तेवढंच इकडून, तेवढंच तिकडून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस नुसता उभा आहे.”

मागे तज्ज्ञांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. चांगलं लिहिलं असावं. तास चांगला चालला होता, हे त्याला कळत होतं, आणि त्यानेच त्याला जास्त घाम येत होता. दुसरा नियम त्याने पिशवीवर समजावला. तेवढ्याच जोराने ढकललं तर जड वस्तूचा वेग कमी वाढतो. पिशवी जड असली की तेवढ्याच ताकदीत माणूस हळू जातो. घर्षण नसतं तर पायरीवर पाय टिकला नसता. माणसाला चालवतं ते घर्षणच, तेच त्याला थांबवतंही. पोरं लिहून घेत होती. एरवी त्याच्या तासाला निम्मा वर्ग बाकावर नक्षीकाम करायचा. आज त्या ठिपक्याकडे सगळे असे बघत होते की पुढे काय होतंय.

“सर,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पण तो लिफ्टने का जात नाही?”

“लिफ्ट वर अडवून ठेवलीय.”

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. वर्ग फुटला. पोरं बाकं बडवून हसली, मग एकदम आठवण होऊन मागे बघितलं आणि गप्प झाली. प्राचार्यांचे कान तांबडे झाले होते. मॅडमना खोकला आला. तज्ज्ञ तेवढे खूश दिसत होते. “उदाहरण परिसरातलं आहे,” ते प्राचार्यांना म्हणाले. “असंच हवं.”

त्याने घाईघाईने तिसरा नियम घेतला, दोन वेगळ्या ठिपक्यांवर दोन उलटे बाण काढले आणि वर लिहिलं, एकमेकांना खोडत नाहीत. एकाने दुसऱ्याला ढकललं की दुसराही पहिल्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलतो. “आता इथे सगळे चुकतात,” तो म्हणाला. “म्हणतात, दोन्ही सारखी आणि उलटी, मग एकमेकांना खोडून टाकतील. खोडत नाहीत. कारण एक ह्याच्यावर आहे आणि दुसरं त्याच्यावर. वेगवेगळ्या अंगांवर. आपापलं ज्याचं त्याला भोगावं लागतं. लिहा.”

“भोगावं पण लिहायचं?”

तेवढ्यात जिन्यात काच फुटली. लांबून नाही, एखादा मजला खाली. आधी खळकन आणि मग बारीक बारीक आवाज पायऱ्यांवरून घरंगळत गेले. आणि त्यानंतर काहीच नाही. पावलंही नाहीत.

खडू हातात होता. दार उजवीकडे होतं, चार ढांगांवर. आता पळायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या शरीराला ठाऊक होतं. गुडघ्यांत ते पळणं भरलेलं होतं, पण निघत नव्हतं. दवाखान्यातली ती रात्रपाळीची नर्स त्याला आठवली, जिला बाबा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना खुणेने सांगत होते की तुझ्या हातावर पुरळ उठलंय, साबण बदल. आणि तो तेव्हाही खिडकीबाहेर बघत होता. पिशवी सुटलेल्या बाबांच्या हाताचा आकार आत्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. पायरीवर पडलेला, उघडा. ते खरं नसेल. एक पाऊल टाकलं की कळेल. मागे तिघे बसलेत, आणि पाऊल टाकलं की त्यांनाही कळेल. कुणीतरी बाहेरून काहीतरी करायला हवं होतं त्याला.

“सर, जिन्यात काहीतरी फुटलं,” चष्मेवाला म्हणाला.

“लिहून घ्या,” तो म्हणाला.

आणि पोरांनी ते लिहून घेतलं. पहिल्या बाकावरच्या वहीत त्याला तिसऱ्या नियमाखाली ते वाक्य उमटताना दिसलं.

मग पावलं आली. एक पाऊल, मोठी फट, एक पाऊल. बाबा दारात येऊन चौकटीला धरून उभे राहिले. चेहरा पिठासारखा झाला होता, पाणी लावून बसवलेले केस उठले होते, एक पाय गुडघ्यापर्यंत ओला होता आणि पिशवीच्या तळातून पाणी ठिबकत होतं. त्यांना बोलायचं होतं, पण आधी श्वास घ्यावा लागत होता. सगळा वर्ग त्यांच्या श्वासाबरोबर थांबला.

“सर,” बाबा त्याला म्हणाले. “तुमच्या बाटल्या.”

“अरे, हे तर आपले फिनेलवाले,” मॅडम मागून म्हणाल्या.

बाबांनी फिनेलवाले कोण ते बघायला मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उजाडलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, अगदी काळजी घेऊन पाहिलं नाही. “हो,” ते म्हणाले. “फिनेल. म्हणजे ते खाली ठेवलंय. गेटवर कुणीतरी ही पिशवी देऊन गेलं, म्हणे सहाव्या मजल्यावरच्या सरांना द्या. म्हटलं, चाललोच आहे. एक बाटली फुटली हो सर. पाय जरा… तोल गेला. माफ करा.”

“तुम्ही ओळखता का यांना?” तज्ज्ञांनी विचारलं. त्याला की बाबांना, ते कळलं नाही.

“नाही नाही,” बाबा म्हणाले. “मी कुठे.”

फळ्यावर तिसऱ्या नियमाचे दोन बाण होते, सारखे आणि उलटे. त्यांच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की ते एकमेकांना खोडत नाहीत.

मुलीने उठून बाबांना आपली पाण्याची बाटली दिली. त्यांनी घोट घेतला, बाटली परत देताना तिच्या नखांकडे पाहिलं आणि कुजबुजत म्हणाले, “रक्त कमी आहे बाळ तुझं.” मग चौकटीला पाठ लावून म्हणाले, “बघून जातो मी जरा. फिनेलला काय घाई.”

प्रयोग असा होता. टेबलावर गुळगुळीत कापड अंथरायचं, त्यावर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायच्या आणि कापड झटक्यात ओढून काढायचं. बाटल्या जागच्या जागी राहतात. बाटल्या तपकिरी काचेच्या, टॉनिकच्या. बाबांनी जुन्या साठ्यातून काढून दिलेल्या. त्यांच्यावर अजून लेबलं होती, ‘घेण्यापूर्वी चांगली हलवावी’. ती वाचून पोरं खुदखुदली. कापडाची शिवण बाबांनी ब्लेडने उसवली होती, शिवणीत बाटली अडते म्हणून. महिनाभर दोघांनी घरी जेवणाच्या टेबलावर सराव केला होता. तो ओढायचा, आणि बाबा पलीकडे खाली वाकून, दोन्ही हात पसरून, पडणारी बाटली झेलायला उभे. डॉक्टरांनी वाकायलाही मना केलं होतं. “घाबरतोस तू,” ते सांगायचे. “हळू ओढलं की त्यांना कळतं आणि त्या तुझ्यामागे येतात. झटकन! त्यांना कळायच्या आत!” आणि जमलं की दोघंही हसायचे, आणि बाबा एकेका बाटलीला म्हणायचे, शाब्बास.

आता तीनच होत्या. त्याने त्या ठेवल्या. कापडाची कड दोन्ही हातांत धरली. शास्त्र सरळ होतं. वेळच इतका कमी द्यायचा की घर्षणाला काही करता येऊ नये. लिफ्टमध्ये त्याला हे किती बिनचूक जमलं होतं. ‘काय माहीत’ म्हणायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. कुणालाच कळलं नव्हतं. बाबा जिथे होते तिथेच राहिले, खाली, पिशवी घेऊन. त्याने मान वर केली, सवयीने. पण समोर आकडे नव्हते, पंखा नव्हता. दार होतं आणि दारात बाबा होते. त्यांचा एक हात छातीवर होता आणि ओठ हलत होते, आवाज न करता. झटकन. झटकन.

त्याने ओढलं, ते हळू. हे त्याने ठरवून केलं, असं नंतर कुणाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. हातांतून जोरच गेला होता. बाटल्या कापडावर उभ्या उभ्या, अगदी विश्वासाने, त्याच्याकडे चालत आल्या. टेबलाच्या कडेशी येऊन पहिली वाकली. मग दुसरी.

“अरे झटकन!” बाबा दारातून ओरडले. “किती वेळा सांगितलं तुला, प्रोफेसर…”

तिसरी फुटली तेव्हा वर्गात इतकी शांतता होती की पाणी फरशीवरून प्राचार्यांच्या बुटांकडे जाताना ऐकू येत होतं. बाबांचा छातीवरचा हात तोंडावर गेला होता. त्या हाताच्या वर जे डोळे होते ते लाजेने मेले होते. त्यांची चूक झाली होती.

“सर,” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “हे कोण?”

“माझे बाबा आहेत.”

तो म्हणाला खरा. पण तेव्हा ते सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. जोर लावला आणि वस्तू तसूभरही हलली नाही तर शास्त्रात त्याला काम झालं म्हणत नाहीत.

“नाही हो, तसं काही नाही,” बाबा घाईने प्राचार्यांना म्हणाले. “मी आपला फिनेल…” आणि ते तिथेच खाली बसून काचा वेचू लागले. “पोरांनो, कुणी हात लावायचा नाही. बारीक काच दिसत नाही.” त्याने जाऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार हलके होते.

“कळवतो तुम्हाला,” प्राचार्य म्हणाले. तज्ज्ञ फळ्याकडे, पिशवी घेतलेल्या ठिपक्याकडे बघत होते. मॅडम रुमालात काहीतरी शोधत होत्या.

बाहेर शिपाई भिंतीला टेकून उभा होता. स्टूल दारात आडवं होतं आणि लिफ्टचं दार दर थोड्या वेळाने मिटायला येऊन स्टुलाला आपटून परत जात होतं.

“लिफ्ट सोडा,” तो म्हणाला. “माझे बाबा आहेत. छातीचा त्रास आहे त्यांना.”

“मग आधी नाही का सांगायचं सर!” शिपाई स्टूल उचलत म्हणाला. “मघाशीच खाली पाठवली असती की.”

आत दोघंच होते. लिफ्ट वाजली नाही. बाबांनी बटणांकडे पाहिलं आणि वाट बघत उभे राहिले. मग त्यानेच दाबलं.

“तुझ्या साहेबांना सांग,” बाबा म्हणाले, “थायरॉइड बघून घ्या म्हणावं. नक्की आहे.”

“डॉक्टरकडे जाऊ आपण. आत्ताच.”

“कशाला? दम होता, गेला.” ते पिशवीतलं पाणी जमिनीवर पडू नये म्हणून ती वर धरून होते. “आणि मी लिफ्टमध्ये बोलणार होतो रे तुझ्याशी. पण तू वर बघायला लागलास ना, दुकानात बघायचास तसा, पंख्याकडे. मग म्हटलं, बरं, आज आपली ओळख नाही.” ते हे अगदी सहज म्हणाले, दुकान आज बंद आहे म्हणावं तसं. “फिनेलचं मात्र मला आयत्या वेळी सुचलं नसतं हं. ते छान केलंत तुम्ही लोकांनी.”

दार मिटलं. लिफ्ट खाली सुटते तेव्हा पहिल्या क्षणी माणसाचं वजन कमी भरतं. हे पुढच्या तासाला घ्यायचं होतं. बाबांनी एका हाताने त्याचं कोपर धरलं आणि पोरासारखे हसले.

“हलकं वाटतं ना रे, सुटताना?”

“हो,” तो म्हणाला, झटकन.